मुलासोबत पहिली मोठी भिंत: आधी उतरायला शिका, मग चढायला

दिवाळी सरते, सह्याद्रीतलं गवत पिवळं पडतं आणि मुंबई-ठाण्यातल्या गिर्यारोहण संस्थांकडे पालकांची विचारणा सुरू होते. "मुलगी दहा वर्षांची आहे, वॉलवर छान चढते. आम्हा दोघांना एखादी मोठी भिंत सोबत करता येईल का?" येईल, आणि जरूर करावी. (वॉल म्हणजे सरावाची कृत्रिम भिंत, मोठी भिंत म्हणजे डोंगराचा उभा कडा.) पण बहुतेक घरांत क्रम चुकतो. आधी तारीख ठरते, मग बूट येतात, मग चढण्याचा थोडा सराव होतो. उतरायचं कसं, हे मात्र थेट माथ्यावर, पायाखाली २०० फूट मोकळं असताना सांगितलं जातं. भेदरलेलं मूल तिथे काही शिकत नाही, आणि त्यानंतर वर्षभर दोराला हात लावायला तयार होत नाही.

म्हणून इथला क्रम वेगळा आहे: माणसं, साहित्य, उतरणं, पाय, एकत्र सराव आणि सगळ्यात शेवटी भिंत. साधारण ८ ते १४ वर्षांचं मूल आणि डोंगरात चालायची सवय असलेले आई किंवा बाबा डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. लक्ष्य म्हणून तैलबैला धरलं आहे. लोणावळ्याच्या दक्षिणेला, सुधागडच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या दोन जुळ्या भिंतींपैकी एक. अंकाई-टंकाईजवळची हडबीची शेंडी किंवा दुसरा एखादा सोपा सुळका तुमच्या मनात असेल तरी टप्पे हेच राहतील. तयारीला चार-पाच महिने द्या. पावसाळ्यात सुरुवात केली तर जानेवारीत भिंत गाठता येते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. दोर लावणं, अँकर (दोर कातळाला पक्का बांधायचा आधार) उभारणं, लीड करणं (सर्वांत पुढे चढून दोर वर नेणं) ही कामं लेख वाचून करायची नाहीत. ती प्रशिक्षित माणसांचीच. तुमचं काम आहे स्वतःला आणि मुलाला त्या दोरासाठी तयार करणं.

टप्पा १: कोण काय करणार ते ठरवा

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. बाबांना वाटतं, माझ्या लेकीला मीच बिले देणार, म्हणजे ती चढताना तिचा दोर मीच सांभाळणार. भावना समजते, पण मोठ्या भिंतीवर ते करू नका. मूल रडायला लागलं की बिले देणाऱ्या पालकाचा हात दोरावर असतो आणि जीव मुलात. एकतर तो घाईने दोर सोडतो, नाहीतर वर ओढून मुलाला लोंबकळवतो. शिवाय अडलेल्या मुलाला खरी गरज शेजारून बोलणाऱ्या माणसाची असते, आणि पालक वर अँकरला बांधलेला असेल तर तो तिथे पोचूच शकत नाही.

किमान चार माणसं हवीत: लीड करणारा अनुभवी आरोहक, शेवटी येणारा दुसरा अनुभवी आरोहक, आणि मधे तुम्ही दोघं. तुम्हा दोघांना दोन स्वतंत्र दोर, दोन्हींना वरून बिले. मूल पुढे, तुम्ही त्याच्या हातभर खाली आणि किंचित बाजूला. थेट त्याच्या खाली राहिलात तर ते घसरल्यावर तुमच्या डोक्यावर येईल. तुम्ही वर राहिलात तर तुमच्या पायाने निसटलेला दगड त्याच्यावर जाईल.

मुलाने पालकाला बिले द्यायचा विषय डोक्यातून काढून टाका. ३० किलोचं मूल आणि ७५ किलोचे बाबा असा जोड असेल तर बाबा घसरताच मूल वर खेचलं जातं, कातळावर आपटतं आणि ब्रेकचा (दोर रोखून धरणारा) हात सुटतो. वॉलवर शिकायचंच असेल तर दुसऱ्या मुलाला, आणि मागे प्रशिक्षकाने दोराची शेपूट धरलेली असतानाच.

> तपासा: दोन्ही पालक येणार असतील तर भिंतीवर मुलाशी बोलणारा एकच. दुसऱ्याने खाली, दोन भिंतींमधल्या खिंडीत थांबावं आणि खालून सूचना ओरडू नयेत.

टप्पा २: संस्था निवडताना विचारायचे प्रश्न

मुंबईत गिरीविहार, चक्रम हायकर्स यांच्यासारख्या जुन्या संस्था आहेत आणि अनेक खासगी आयोजकही आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा नोंदणीची विचारणा आधी करा. मग खालचे प्रश्न एकेक करून विचारा, आणि उत्तर देताना समोरचा चिडतो का तेही पाहा.

या भिंतीवर तुम्ही स्वतः याआधी चढला आहात का, आणि मुलांना घेऊन? एका दोरावर किती जण? मुलांच्या मापाचे फुल बॉडी हार्नेस (दोर बांधायचे अंगभर पट्टे) आहेत का? मूल मधेच थांबलं तर त्याला खाली कसं आणणार, नेमकी पद्धत सांगा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाकडे आहे? जवळचं हॉस्पिटल कुठलं, गाडी कुठे उभी असेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही थांबत हो मुलं, करतात बरोबर" असं आलं तर तिथून निघा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाला दहा मिनिटं उत्तर देतो आणि हाताने दोर करून दाखवतो.

आणखी एक, वीस-पंचवीस जणांच्या व्यावसायिक गटात मुलाची पहिली भिंत करू नका. माणशी पंधरा मिनिटं धरली तरी कड्यावर पोचायला दुपार होते, आणि तोवर तुमचं मूल खिंडीत बसून कंटाळलेलं आणि थकलेलं असतं.

टप्पा ३: साहित्य, आणि त्यातही हार्नेस

लहान मुलांची कंबर आणि नितंब यांत फारसा फरक नसतो. मोठ्यांचा कमरेचा हार्नेस कितीही आवळला तरी मूल उलटं झालं की खाली सरकण्याची भीती राहते. म्हणून छातीपासून मांडीपर्यंतचा फुल बॉडी हार्नेस हवा. युरोपीय मानक ईएन १२२७७ मध्ये ४० किलोपर्यंतच्या व्यक्तींसाठी 'टाइप बी' हा वेगळा प्रकारच आहे, लेबलवर तो शोधा. मूल मोठं असेल आणि कमरेचा हार्नेस घालणार असेल, तर पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसवा, आवळा आणि दोन्ही हातांनी खाली ओढून पाहा. हाडावरून खाली आला तर तो हार्नेस त्याच्यासाठी नाही.

हेल्मेट गिर्यारोहणाचं, ईएन १२४९२ चं. सायकलचं चालणार नाही. ते पडण्याच्या धक्क्यासाठी बनवलेलं असतं, वरून सरळ येणाऱ्या दगडासाठी नाही. हेल्मेट कपाळ झाकेल असं बसवा. मुलं ते मागे ढकलतात आणि कपाळ उघडं टाकतात, आणि खडकाला पहिल्यांदा तेच लागतं. मुलीची वेणी किंवा पोनी मानेशी खाली बांधा, म्हणजे हेल्मेट वर उचललं जाणार नाही.

बूट वाढत्या पायाचे असतात हे विसरू नका. मोठे आरोहक बोटं दुमडतील इतके घट्ट क्लाइंबिंग शूज घालतात, मुलांना तसं करायचं नाही. बोटं सरळ राहावीत, टाच सैल नको, एवढं पुरे. चालण्यासाठी वेगळे बूट घ्या.

दोर, कॅरॅबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), स्लिंग (मजबूत पट्ट्यांचे वेढे) संस्थेचे असतील. ते विकत घ्यायची घाई नको. जुना दोर कोणाकडून 'भेट' मिळत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. त्या दोराने आजवर काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही.

आणि घरातली एक सक्त सूचना. चाळीतलं घर असो वा टॉवरमधला फ्लॅट, खिडकीच्या ग्रिलला दोर अडकवून मुलाला लटकू देऊ नका. ग्रिल भिंतीत कितपत रुजलंय ते कोणालाच माहीत नसतं. गाठींचा सराव खुर्चीच्या पायाला करा, वजन न टाकता.

> इशारा: अंगठी, कडं, गळ्यातला ताईत, लोंबते कानातले, हुडीची नाडी, सगळं घरी. खाचेत अडकलेली अंगठी बोटाला गंभीर इजा करू शकते. पालकांनी लग्नाची अंगठीही काढायची.

टप्पा ४: उतरणं

हा टप्पा पाच-सहा रविवार घेतो आणि बहुतेक जण तो एका दुपारी उरकतात. सगळा सराव कृत्रिम वॉलवर, प्रशिक्षकासमोर आणि टॉप रोपवर, म्हणजे माथ्यावरून लावलेल्या दोरावर. पावसाळ्यात कातळ ओला असतो, तेव्हा हेच करायचं.

*लटकणं.* मूल पाच-सहा फुटांवर चढलं की त्याला हार्नेसमध्ये बसायला सांगा. पहिल्या वेळी ते दोर दोन्ही मुठींत गच्च धरेल आणि हातावर लोंबकळेल. हात सोडू द्या, आधी एक, मग दोन्ही. पाय खांद्याइतके रुंद, तळवे भिंतीला, पाठ मागे. मूल या अवस्थेत इकडच्या तिकडच्या गप्पा मारू लागलं की समजा हार्नेसवर त्याचा विश्वास बसला. त्याआधी पुढे जाऊ नका.

*खाली येणं.* आधी १० फुटांवरून, मग २०, मग माथ्यावरून. बिले देणारा हळू आणि एकसारखा दोर सोडेल, मूल भिंतीवर पावलं टाकत मागे चालत येईल. हलक्या मुलांची इथे एक खास अडचण असते. २०-२५ किलोचं मूल जाड दोरावर, घर्षण जास्त असेल तर खाली सरकतच नाही, अधांतरी अडकतं. कातळाच्या कडेवरून दोर घासत असेल तर हे हमखास होतं. तेव्हा तुमच्या मुलाच्या वजनाला कुठलं बिले साधन आणि कुठला दोर नीट चालतो ते इथेच पाहून ठेवा आणि मोठ्या भिंतीवर तेच न्यायला सांगा.

याच काळात एक नियम पाळायचा, आणि तो पालकांसाठी आहे. मूल "खाली" म्हणालं की लगेच खाली. "अजून दोनच पावलं, बघ किती जवळ आहेस" हे वाक्य बंद. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खाली येण्याचं दार कायम उघडं आहे याची ज्या मुलाला खात्री असते, ते स्वतःहून वर जातं. ज्याचं "खाली" दोन-तीनदा ऐकलं गेलेलं नसतं, ते पुढच्या वेळी चढण्याआधीच पोट दुखतं म्हणतं.

*रॅपलिंग.* म्हणजे दोरावरून स्वतः उतरणं. मुलाच्या रॅपलला वरून वेगळा बिले दोर नेहमी हवा, वॉल असो की १५ फुटांचा बोल्डर (मोठा सुटा खडक). ब्रेकचा हात नितंबाजवळ, दुसरा हात दोरावर फक्त टेकलेला. सर्वांत अवघड क्षण असतो काठावरून मागे झुकण्याचा. मूल पाय काठावर ठेवून अंग सरळ ठेवतं, मग पाय घसरतात आणि गुडघे फुटतात. त्याला आधी बुटका काठ द्या आणि मागे बसायला लावा, खुर्चीत बसतो तसं.

*मधे थांबणं.* रॅपल करताना अर्ध्यात थांबवा, दोन्ही हात सोडायला लावा (बिले दोर आहेच) आणि दोन मिनिटं थांबू द्या. मोठ्या भिंतीवर शर्टाचं टोक किंवा केस साधनात अडकले तर मुलाला एवढंच करायचं असतं: थांबायचं, हाक मारायची, ओढाओढ करायची नाही.

हे सगळं पालकानेही करायचं, मुलाच्या आधी. तुम्हाला याखेरीज चार गोष्टी झोपेतून उठवलं तरी यायला हव्यात: फिगर ऑफ एट गाठ दोर परत फिरवून हार्नेसला बांधणं, स्वतःला अँकरला बांधून घेणं, बिले देणं, आणि प्रुसिकचा (ताण येताच दोराला आवळणाऱ्या गाठीचा) आधार घेऊन रॅपल करणं. गाठीची शेपूट १०-१५ सेंटिमीटर उरलीच पाहिजे.

> तपासा: मूल प्रशिक्षकाच्या सूचनेशिवाय, न घाबरता, वॉलच्या माथ्यावरून लागोपाठ तीनदा खाली आलं का? नसेल तर पुढचा टप्पा पुढच्या महिन्यात.

टप्पा ५: खरा कातळ आणि पाय

नोव्हेंबरमध्ये वॉलवरून कातळावर या. सीबीडी बेलापूरचे बोल्डर आणि मुंब्र्याचा डोंगर हे मुंबईकरांचे नेहमीचे सरावाचे कातळ. कान्हेरीच्या परिसरातही सराव होत आला आहे, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि लेणी संरक्षित स्मारक. संस्थेकडे परवानगी आहे का ते आधी विचारा, लेण्यांच्या जवळपास चढू नका, आणि सोमवारी तिथे जाऊच नका, उद्यान बंद असतं.

वॉलवरची मुलं रंगीत पकडी शोधायला शिकलेली असतात. काळ्या बेसॉल्टवर ती भांबावतात, कारण इथे पकड आधी दिसत नाही, चाचपावी लागते. त्यामुळे सुरुवातीला हातांचा विचारच बाजूला ठेवा. उतारावर, हात पाठीमागे बांधून, फक्त पायांनी चार-पाच पावलं चढायला लावा. टाच खाली, नजर पावलावर, पाऊल टेकलं की पुन्हा हलवायचं नाही. मग तीन बिंदूंचा नियम: दोन हात, दोन पाय यांपैकी तीन नेहमी कातळावर, हलणारं एकच.

सह्याद्रीचा कातळ थराथरांचा आहे. एक थर पोलादासारखा, त्याच्यावरचा भुसभुशीत. प्रत्येक पकडीवर भार टाकण्याआधी तळव्याने थापटून पाहायची सवय मुलाला इथे लागली पाहिजे. भरीव आवाज आला तर धरा, पोकळ आला तर सोडा. शंका असलेली पकड बाहेर ओढायची नाही, खाली दाबायची. गवताचा झुबका ही पकड नव्हे, कितीही घट्ट वाटला तरी.

दगड सुटला तर मोठ्याने "दगड!" आणि ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही, अंग कातळाला चिकटवायचं. मुलं हमखास वर बघतात. छोटा खडा टाकून हे दहा वेळा घोकून घ्या, हेल्मेट घालूनच.

बोटांबद्दल पालकांनी सावध राहावं. वाढत्या वयात बोटांच्या हाडांतला वाढीचा भाग नाजूक असतो, त्यावर वारंवार ताण आला तर तिथे तडा जाऊ शकतो. झपाट्याने उंची वाढते त्या वर्षांत तर जास्तच. त्यामुळे कॅम्पस बोर्ड (पाय न टेकता नुसत्या हातांनी चढायची फळी) नको, बोटांच्या टोकांवर लटकण्याचे व्यायाम नकोत. मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याशी दुखतंय असं मूल म्हणालं तर 'सराव झाला की जाईल' म्हणू नका. चढणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

टप्पा ६: दोघांची रंगीत तालीम

आता दोघं मिळून. मुंब्र्यासारख्या ठिकाणी ४०-५० फुटांच्या कातळावर, भिंतीवर असेल तीच रचना करायला सांगा: वर लीडर, दोन दोर, मूल पुढे, तुम्ही मागे. तीन गोष्टी इथे उघड होतात.

पहिली, तुम्ही किती बोलता. बहुतेक पालक अखंड बोलतात. "डावा पाय, नाही तो नाही, तुझा डावा, वर, अजून वर." मूल कातळाऐवजी तुमच्याकडे बघू लागतं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि सांगायचं तर एकच गोष्ट.

दुसरी, दोराच्या भाषेत गोंधळ होतो. "टाइट" (दोर ताठ कर), "स्लॅक" (दोर सैल कर), "ओके" हे शब्द वाऱ्यात आणि वळणापलीकडे तुटक ऐकू येतात. दोन दोर असतील तर कोणाचा दोर हेही कळलं पाहिजे, म्हणून आधी नाव, मग शब्द. "ईशान, टाइट." "ओके" हा शब्द वर्ज्य करा. त्याचा अर्थ प्रत्येकाला वेगळा लागतो.

तिसरी, दोराचा ताण. आरोहणाचा डायनॅमिक दोर लवचिक असतो. ८० किलोच्या भाराला एकेरी दोर १० टक्क्यांपर्यंत ताणू शकतो, म्हणजे ३० मीटर दोर बाहेर असेल तर ३ मीटरपर्यंत. थोडक्यात, चढाईच्या सुरुवातीला घसरलात तर वरून बिले असूनही तुम्ही खालच्या कपारीवर (कड्यातल्या पायरीसारख्या जागेवर) आदळू शकता. पहिल्या काही हातांपर्यंत दोर ताठ ठेवायला सांगा. मुलाच्या वजनाला ताण कमी येतो, तुमच्या वजनाला पूर्ण.

आडव्या चालीचा, म्हणजे ट्रॅव्हर्सचा, सराव वेगळा करा. आडवं जाताना मागून येणारा घसरला तर लंबकासारखा झोका घेतो आणि समोरच्या कोपऱ्यावर जाऊन आपटतो. लीडरने मुलासाठी आडव्या भागात एकमेकांच्या जवळ सुरक्षा बिंदू (दोर अडकवायचे आधार) लावले आहेत का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दम हवा तर बिल्डिंगचा जिना आहेच. पाठीवर पाणी घेऊन, आठवड्यात तीनदा. लिफ्टला महिनाभर सुट्टी द्या.

> इशारा: मुलाला झुमारने (दोरावर फक्त वर सरकणाऱ्या पकडीने) वर ओढून घेण्याची घाई कोणी सुचवली तर नकार द्या. पहिल्या मोठ्या भिंतीवर मूल स्वतःच्या हातापायांनी, वरच्या बिलेवर चढू दे. जमत नसेल तर ती भिंत पुढच्या वर्षी.

टप्पा ७: दिवस ठरवणं आणि आदला दिवस

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ऑक्टोबरच्या उन्हात कातळ तापतो, कपारींवरचं गवत ओलसर असतं आणि पावसाने सैल केलेले दगड अजून अडकून असतात. मार्चनंतर तर नकोच. शाळेच्या परीक्षा पाहून जानेवारीतला साधा शनिवार-रविवार घ्या. जोडून सुट्टी आली की लोणावळ्याचा रस्ता तासन्‌तास अडतो आणि मूल भिंतीपाशी पोचतं ते थकूनच.

रविवारी पहाटे मुंबईहून निघून त्याच दिवशी भिंत करायचा बेत मुलासोबत आखू नका. शनिवारी दुपारपर्यंत लोणावळा, तिथून ठरवलेल्या गाडीने तैलबैला गाव, संध्याकाळी भिंती नुसत्या पाहणं, गावात मुक्काम. बसवर विसंबू नका, फेऱ्या कमी आहेत. पठारावर जानेवारीची रात्र मुंबईच्या मुलांना बोचते, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

शनिवारच्या संध्याकाळी गावातल्या माणसांना एक प्रश्न विचारा: यंदा भिंतीवर आग्यामोहोळ कुठे आहे? गुराख्यांना ते नेमकं ठाऊक असतं. दोरावर असलेला माणूस मधमाश्यांपासून पळू शकत नाही. ठरलेल्या वाटेच्या जवळ पोळं असेल तर वाट बदला, नाहीतर बेत बदला. डिओ, अत्तर, सुगंधी तेल लावू नका. शेकोटी खिंडीत नको, आणि ओरडाआरडाही नको.

खाण्यात नवं काही नाही: दशम्या, केळी, चिक्की, शेंगदाणे-गूळ. पाणी मुलासाठी किमान २ लिटर, तुमच्यासाठी ३. ओआरएसच्या दोन पुड्या. खिंडीत भैरवनाथाच्या ठाण्याजवळ टाकं आहे, पण त्यावर दिवस अवलंबून ठेवू नका.

निघण्यापूर्वी १०८, महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक आणि गावातल्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून दोघांच्या खिशात ठेवा. मुलाला काही ॲलर्जी असेल तर ती लीडरला लिहून द्या, औषधही त्याच्याचकडे.

टप्पा ८: भिंतीचा दिवस

उजाडायला गावातून निघा. खिंडीपर्यंत चढण आहे, मुलाच्या चालीने जा. थंडीत बोटं बधिर असतात, म्हणून लीडर दोर लावत असताना मुलाला हातपाय हलवत ठेवा, स्वेटर अंगातच असू द्या.

हार्नेस चढवण्याआधी लघवीला जाऊन यायचं, लागली असो वा नसो. फुल बॉडी हार्नेस एकदा घातला की मधे काढता येत नाही, आणि लाजून न बोलणारं मूल दोन तास अवघडून चढतं.

मग तपासणी. हार्नेसचे सगळे बकल, गाठ, गाठीची शेपूट, कॅरॅबिनरचा स्क्रू, हेल्मेटचा पट्टा. आधी मुलाने तुमचं तपासायचं, बोट लावून, मोठ्याने. मग तुम्ही त्याचं. शेवटी लीडर किंवा त्याचा साथीदार दोघांचं. हाच क्रम प्रत्येक थांब्यावर, दोर बदलला की पुन्हा.

कपारीवर पोचल्यावर सगळ्यात जास्त चुका होतात. चढून आल्याच्या आनंदात मूल "सोडा मला" म्हणतं आणि पालक फोटोसाठी फोन काढतात. ठरवून घ्या: आधी अँकरला बांधणं, मग वजन टाकून पाहणं, मग लीडरचा शब्द, आणि तेव्हाच आधीचा दोर सुटेल. रुंद कपारीवरही बांधलेलंच राहायचं. फोटो लीडरने परवानगी दिली तरच, आणि फोनला दोरी हवी.

अर्ध्यावर मूल थांबलं तर? आधी त्याला हार्नेसमध्ये बसू द्या, पाणी द्या, श्वास शांत होऊ द्या. मग विचारा, "थकलायस की भीती वाटतेय?" थकलं असेल तर पाच-दहा मिनिटांत चालेल. हात कापत असतील, पायांचा थरथराट थांबत नसेल किंवा बोलणंच बंद झालं असेल तर खाली. "बाबा, बस झालं" हे वाक्य आलं की वाटाघाट नाही. मात्र हार्नेसमध्ये नुसतं लोंबकळत जास्त वेळ ठेवू नका. पाय कातळावर टेकवून, हलवत बसवा.

परतीची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. ११ वाजेपर्यंत माथा हाती नसेल तर जिथे असाल तिथून उतरायचं, अशी काहीतरी पक्की रेषा. भर दुपारच्या उन्हात तापलेल्या कातळावर मुलाला अडकवण्यापेक्षा अर्धी भिंत बरी.

> तपासा: प्रत्येक थांब्यावर लीडरला विचारा, "इथून लेकीला खाली कसं न्याल?" उत्तर तयार नसेल तर वर जायचं नाही.

टप्पा ९: खाली

माथ्यावर खा, प्या, बूट सैल करा. मग सगळी तपासणी नव्याने, जणू दिवस आत्ता सुरू होतोय. उतरताना मन आधीच गावात पोचलेलं असतं, म्हणून गाठी इथे अर्धवट राहतात.

क्रम असा: आधी एक अनुभवी माणूस खाली, मग मूल, मग तुम्ही, शेवटी लीडर. मूल उतरेल तेव्हा खाली कोणीतरी अनुभवी हवंच. मुलाने रॅपल करायचं असेल तर वरून बिले दोर. ते थकलेलं दिसलं तर रॅपलचा हट्ट सोडा आणि लीडरला त्याला सरळ खाली सोडायला सांगा. सरावात पावलं टाकत यायला शिकलंय, ते आता कामी येतं. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या आहेत का ते तुम्ही स्वतः पाहा. दोर कुठे धारदार काठावर घासत असेल तर तिथे पॅड हवा.

खाली पोचलेल्या मुलाने भिंतीच्या पायथ्याशी थांबायचं नाही. वरून माणसं यायची आहेत, दोर ओढताना दगड येतात. बाजूला ठरवलेल्या जागी जाऊन बसायचं, आणि शेवटचा माणूस उतरून दोर गोळा होईपर्यंत हेल्मेट डोक्यावरच.

टप्पा १०: घरी आल्यावर

अंगावर गोचीड आहे का ते काखेत, कानामागे, कमरेच्या पट्ट्याखाली पाहा. हाताची सालं निघाली असतील तर साबणाने धुऊन मोकळी ठेवा. दोन-तीन दिवस बोटांना विश्रांती.

हार्नेस ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात नाही, आणि फिनाईल किंवा बॅटरीच्या शेजारी ठेवू नका. लेबलवर मुलाचं आजचं वजन आणि तारीख चिकटवून ठेवा. पुढच्या हंगामात तोच हार्नेस बाहेर काढाल तेव्हा आधी मुलाचं वजन करा. ४० किलो ओलांडले असतील तर नवा घ्यावा लागेल, आणि नव्या हार्नेसमध्ये पहिलं काम वॉलवर पाच-सहा फुटांवर लटकणं, हात सोडून.